कोकरं सोडायची वेळ

गेले होते चेतना जागी करायला आणि परत आले ती पायाला फोड घेऊन. पंधरा दिवस झाले. फोड बरे झाले, पण माझ्या साडीला मेंढरांचा वास अजून येतो असं सून म्हणते. मला येत नाही. आणि येत असला तर येऊ दे.

बिडकीन

बिडकीनच्या पुढं शेतात कुणीतरी एक निसर्गकेंद्र काढलंय. तिथं तीन दिवसांचं शिबिर होतं. माणसामाणसांतली भांडणं कशी मिटवायची, धरतीशी एकरूप होऊन कसं जगायचं, हे शिकवणारं. सुनेनं माझं नाव परस्पर घालून टाकलं. म्हणाली, "आई, तुम्ही सारख्या चिडता, एकदा जाऊन या." मी चिडत नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मोठ्यानं आणि स्पष्ट बोलायची सवय लागली, एवढंच. पण पुंडलिकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून तरी काय करायचं, म्हणून गेले.

शिकवणारा माणूस गोड होता. त्यानं आम्हाला डोळे मिटायला लावले. "आता तुमच्या तळपायांना मुळं फुटताहेत. ती खोल खोल जमिनीत चालली आहेत." माझ्या तळपायाखाली गुळगुळीत फरशी होती, पण मी प्रामाणिकपणे मुळं फुटायची वाट बघत होते. तेवढ्यात खिडकीबाहेर मेंढरं ओरडायला लागली. एकदोन नव्हेत, चांगला कळप. केंद्रातला एक जण लगबगीनं बाहेर गेला आणि ओरडला, "ओ मावशी, मेंढ्या तिकडं न्या! आत धरतीमातेचं ध्यान चाललंय!"

बाहेरून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "करा की मंग ध्यान. मपले मेंढरं काय तुमचं ध्यान खाऊ राह्यले का?"

मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. तो आवाज मी ओळखत होते. अडतीस वर्षांनी ऐकत होते, पण ओळखत होते.

मी मुळं तिथंच सोडली आणि बाहेर आले. तारेपलीकडं ठकू उभी होती. डोक्यावर पदर, हातात काठी, केस पांढरे. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"देवगावच्या मालकाची सुमन नाय का तू?"

"व्हय," मी म्हणाले. शहरात राहून जिभेवरून गेलेला 'व्हय' कुठून आला कुणास ठाऊक.

ठकू कोण, ते सांगते. देवगाव रंगारीजवळ आमची जमीन आहे. आमचं घर गावात नाही, वावरातच. दरवर्षी ज्वारी निघाली की ठकूच्या घरची मेंढरं आमच्या मोकळ्या रानात येऊन बसायची. दिवसा चरायची, रात्री जाळ्यांच्या वाड्यात बसायची. त्यांच्या लेंड्या आणि मूत रानाला मिळायचं, आम्ही त्यांना धान्य द्यायचो. पाच-सहा दिवस एका तुकड्यात, मग जाळी उचलून पुढच्या तुकड्यात, असं महिनाभर. ठकू माझ्याच वयाची. तो महिना मी शाळेतून घरी न जाता वाड्यावरच जायचे. तिच्याबरोबर धारोष्ण दूध प्यायले, कोकरांना नावं दिली. दोन घरांचा संबंध आमच्याही आधीचा. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कोण कुणाचं ते कळेनासं झालं होतं, तेव्हा माझी आजी आणि आत्या आठ दिवस ठकूच्या आजोबांच्या वाड्यात घोंगड्यांखाली राहिल्या होत्या. हे बाबा दरवर्षी न चुकता सांगायचे आणि वाड्यात पाऊल टाकण्याआधी पायातलं काढायचे.

मग बाबा गेले, कारभार माझ्या थोरल्या भावाकडे, आण्णाकडे आला. त्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी ते झालं. ठकूची मेंढरं आमच्याच शेजारच्या तुकड्यातल्या उभ्या गव्हात शिरली. आण्णानं दोन गडी घेतले, सगळी मेंढरं हाकत गावात नेली आणि कोंडवाड्यात घातली. लोखंडी फाटक लागलं. कोकरं मात्र वाड्यावरच राहिली होती. मेंढ्या तिकडं, कोकरं इकडं, असे दोन दिवस गेले. तीन कोकरं दगावली. तिसऱ्या दिवशी मेंढरं सुटली, तशी ठकूनं जाळी उचलली. जायच्या आधी तिनं वाड्याची जागा झाडून काढली. लेंड्यासुद्धा आमच्या रानात ठेवल्या नाहीत, सगळ्या बाहेर पांदीच्या वाटेवर ढकलल्या. त्यानंतर ती आली नाही. तीच काय, कुठल्याच मेंढपाळानं आमच्या रानात जाळं लावलं नाही. वाटेवाटेनं आमचं नाव बदनाम झालं होतं.

आता आण्णा बहात्तर वर्षांचा आहे. गेली चार वर्षं त्याचा फोन आला की एकच विषय. माती दगडासारखी झाली, गांडूळ दिसत नाही, खतं टाकून टाकून रानाची चव गेली. मेंढरं बसवायला कुणी येतं का ते विचारून तो थकला. ठकूचं नाव मात्र त्यानं कधी काढलं नाही.

तर त्या तारेच्या अलीकडे उभं राहून मी ठकूला म्हणाले, "चल ना आमच्या रानात."

तिनं काठीनं चौफेर दाखवलं. चारी बाजूंना कंपन्यांसाठी आखलेल्या जागा होत्या. रस्ते झालेत, दिव्याचे खांब लागलेत, माणसं अजून यायचीत, तोवरचं गवत मेंढरांचं. पण एकेका जागेला भिंत पडू लागलीय.

"इथलं बी आता सरत आलंय," ती म्हणाली. "पांदीपर्यंत येते. आत यायचं का नाय, ते तुझ्या मालकावर."

'तुझ्या आण्णावर' नाही म्हणाली. पूर्वी ती त्याला आण्णाच म्हणायची.

वाळूजच्या अलीकडं

मी घरी फोन केला. मुलगा म्हणाला, "आई, तू शिबिरात आहेस ना?" मी म्हटलं, शिबिरातच आहे, फक्त ते आता चालतंय. सुनेनं मागून विचारलं, "चालतंय म्हणजे?" मी फोन ठेवला.

ठकूचा मुलगा बिरू, सून कमल, दोन कुत्री आणि एक तट्टू. त्या तट्टावर अख्खा संसार. जाळी, घोंगड्या, दोन पातेली, तवा, पिठाची थैली आणि सगळ्यांत वर, चालता न येणारी चार कोकरं. आमच्या घरात नुसते रिकामे प्लास्टिकचे डबेच एवढे आहेत की त्यांना एक तट्टू लागेल. 'पुढं लागतील' म्हणून ठेवलेत. ठकू म्हणाली, "पुढं लागलं तं पुढं भेटतं की." तिच्यासमोर मला त्या डब्यांची लाज वाटली, पण ते अजून टाकलेले नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी माझं चुकलं. मेंढरं बसली, जाळी उभी राहिली, आणि मी कौतुकानं चपला घालून सरळ वाड्यात शिरले. कमलनं जीभ चावली. ठकू हळूच म्हणाली, "पायातलं काढा बाई. तुमचे बाबा काढायचे." एवढ्या वर्षांनी मला 'बाई' आणि 'तुमचे' ऐकावं लागलं, ते चपलांपेक्षा जास्त टोचलं. मी चपला काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक मोठा रस्ता ओलांडताना तुटली आणि मी उरलेला प्रवास बिरूच्या टायरच्या वहाणा घालून केला. तळपायाला मुळं काही फुटली नाहीत, फोड आले.

पण तिथली संध्याकाळ! मला वाटलं होतं मी विसरले असेन. दिवस मावळायला आला की मेंढ्या चरून येतात आणि दिवसभर मागं ठेवलेली कोकरं जाळ्यात उड्या मारायला लागतात. मग जाळं उचलतात. एकच कल्लोळ होतो. प्रत्येक कोकरू धावत सुटतं, हिला हुंगतं, तिची लाथ खातं आणि शेवटी नेमकं आपल्या आईपाशी जाऊन गुडघे टेकतं. दोन मिनिटांत सगळं शांत. नुसता दूध पिण्याचा आवाज. लहानपणी मी आणि ठकू हे बघायला जेवण सोडून पळायचो. मी बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. कमलनं मला न विचारता मेंढीच्या दुधाचा चहा आणून दिला. जाडसर, किंचित तुरट. त्याबरोबर बाजरीची भाकरी आणि ठेचा. घरचा चहा आता मला पाणीच लागतो.

माळीवाडा

मधला मजकूर गाळते, कारण मधे ऊन होतं आणि माझे गुडघे होते. दिवसाला दोन-अडीच कोस, त्यातलं निम्मं मी चालायचे आणि निम्मं वाटेत भेटेल त्या ट्रॅक्टरवर बसून पुढं जाऊन वाट बघायचे. पळस फुललेले होते. कधी डावीकडं, कधी उजवीकडं, दौलताबादचा किल्ला दोन दिवस आमच्याबरोबर चालत होता.

माळीवाड्याला टपरीवरच्या चाचांनी मला आणि कळपाला आळीपाळीनं पाहिलं. "अम्मा, तुम तो मास्टरनी दिखते. मेंढियां कब से चराने लगे?"

"पांच रोज से," मी म्हणाले.

ते हसले. "हौ, अच्छा किये. मैं छोटा था तब इसी रस्ते से इत्ते मेंढियां जाते थे, आधा दिन रस्ता बंद रहता था. अब्बी कोई नै आता." आणि त्यांनी दगड बाजूला करून हौदाचं पाणी मेंढरांना मोकळं केलं.

पुढं तो नवा महामार्ग आडवा आला. वरून गाड्या सूं सूं जात होत्या आणि आम्हाला खालच्या बोगद्यातून पलीकडं जायचं होतं. कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी मेंढी तोंडाशीच थांबली. ती थांबली म्हणजे सगळे थांबले. मागं दोन मोटरसायकली हॉर्न वाजवायला लागल्या. मी म्हटलं, "बिरू, ढकल की तिला."

ठकू मध्येच खाली बसली. "नाय. बघू दे तिला. आज ढकलली तं आज जाईल, पर पुन्यांदा या वाटेनं यायची नाय."

अर्धा तास गेला. मोटरसायकलवाले कंटाळून इंजिन बंद करून मेंढ्यांचे फोटो काढायला लागले. म्हातारीनं जमीन हुंगली, पलीकडचा उजेड पाहिला, परत हुंगली आणि मग अशी काही निघाली की जणू तिनंच बोगदा बांधला होता. शिबिरात आम्हाला 'मनातला संघर्ष सोडून द्या' असं सांगत होते. तो सोडायला किती वेळ लागतो ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

कसाबखेडा

शेवटच्या मुक्कामाला, सकाळी भाकऱ्या भाजताना, ठकूनं विचारलं. मला माहीत होतं ती कधीतरी विचारणार.

"तवा तू घरीच व्हती ना गं?"

"होते." मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा वीस दिवसांचा होता.

"बाहेर कामून आली नाय?"

"सव्वा महिना झाला नव्हता. उंबरा ओलांडायचा नव्हता."

तिनं भाकरी उलटली. "ते मला बी ठाऊक व्हतं. पर खिडकीत तं आली असती."

खिडकीतून कोकरं दिसत होती. दोन दिवस ती ओरडत होती आणि गावाकडून मेंढ्यांचा आवाज येत होता. वारा पडला की दोन्ही एकदम ऐकू यायचं. माझ्या मांडीवर मुलगा पीत होता. दुसऱ्या दिवशी मला ते सोसेना, म्हणून मी उठले आणि खिडकी लावून घेतली. आण्णाला एक शब्द बोलले नाही. आजवर मी या सगळ्याचा दोष आण्णावर ठेवून मोकळी झाले होते आणि माझ्या त्या खिडकीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या चुलीपुढं बसून ठकूला सांगितलं. मला फार लाज वाटली.

तिनं पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "खा, सुमे."

मग तिनं आपली अट सांगितली. मेंढरं रस्त्याकडच्या फाटकातून आत यायची नाहीत. लोखंडी फाटक मेंढरांनी एकदा पाहिलंय. ती जुन्या खिंडीतून येतील.

ही खिंड म्हणजे पांदीकडच्या बांधातली मोकळी जागा, लिंबाच्या झाडाखाली. पूर्वी तिथं बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी टाकलेली असायची. मेंढरं आली की वावराचा मालक आपल्या हातानं काटी बाजूला करायचा. त्याचा अर्थ, या. दुसऱ्या कुणी काढलेली चालायची नाही. आता तिथं पाच पदरी तार आहे.

मी आण्णाला फोन लावला. आधी तो खूश झाला, गहिवरला. मग खिंडीचं ऐकलं आणि भडकला. "एवढं दहा फुटी फाटक सताड उघडं ठेवतो म्हणतोय, आणि तिला खिंड पाहिजे? कंपाउंड तोडू का मी आता? यायचं तर या म्हणावं, नायतर राहू दे!"

फोन बंद. ठकूनं विचारलं, "काय म्हणला?"

"वाट बघतोय म्हणाला," मी सांगितलं. तिला खोटं कळलं, पण तिनं तट्टावर जाळी चढवली.

देवगाव रंगारी

उतरतं ऊन होतं. लांबूनच आमचं लिंबाचं झाड दिसलं आणि मी कळपाच्या मागं राहिले. आण्णा फाटकाशी उभा होता, स्वच्छ धोतर, पायात बूट. फाटक दोन्ही बाजूंनी उघडं. त्यानं हात केला. ठकूनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं कळप फाटकासमोरून पुढं काढला, पांदीत वळवला आणि लिंबाखाली तारेबाहेर जाऊन बसली. मेंढरं उभी राहिली. तारेतून पलीकडं ज्वारीची धसकटं दिसत होती.

आण्णा तारेच्या आतून चालत तिथवर आला. आम्ही बाहेर, तो आत. मी बोलायला तोंड उघडलं, तर ठकूनं माझं मनगट धरलं. बोगद्यापाशी बसली होती तशीच ती बसली होती.

आण्णा वळला आणि घराकडे चालू लागला. संपलं, असं मला वाटलं. इतका राग आला की तिथूनच ओरडणार होते. पण तो परत आला, आणि त्याच्या हातात पक्कड होती.

वरची तार तुटता तुटेना. त्यानं दोन्ही हातांनी पक्कड दाबली. बिरू मदतीला पुढं झाला, तर ठकू म्हणाली, "तू थांब. त्यांचं ते काढतील." एक तार तुटली, गर्रकन मागं गेली. मग दुसरी. तिसऱ्या तारेला आण्णा थांबला. पकडीकडेच बघत बोलला.

"त्या दिवशी काटी मीच काढली होती. गव्हाकडच्या खिंडीतली. पहाटं गाडी नेली आणि परत लावायची राहिली. तुझे मेंढरं उगी नव्हते शिरले, ठकू. मला लगेच कळलं होतं. पण तवर कोंडवाड्याचं फाटक लावून झालं होतं, गाव जमलं होतं... मग मला बोलता आलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. वहिनीलाही नव्हतं.

"ठाऊक हाय," ठकू म्हणाली. "गाडीच्या चाकोऱ्या दिसत व्हत्या की."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून काय व्हतंय? काटी तुम्ही काढेल व्हती. बोलायचं तुम्ही."

आण्णानं उरलेल्या तिन्ही तारा तोडल्या, बाजूला ओढल्या. मग तो वाकला, बूट काढले आणि अनवाणी धसकटांतून मागं सरकला. म्हातारी मेंढी पुढं आली. तिनं जागा हुंगली. या रानात ती जन्मात आली नव्हती, पण फार वेळ लावला नाही. ती आत गेली आणि मागोमाग सगळा कळप आमच्या रानात उतरला. मातीचा आणि लोकरीचा तो एकत्र वास आला आणि क्षणभर मला वाटलं, आता बाबा घरातून हाक मारतील.

जाळी लागली. तट्टावरची आणि पाठीवरून आणलेली कोकरं छोट्या जाळ्यात गेली. मेंढ्या आसपास चरत राहिल्या. दिवस मावळायला टेकला तशी कोकरं ओरडायला लागली, आणि तिकडून मेंढ्यांनी माना वर केल्या. आण्णा जरा लांब उभा होता. तो आवाज ऐकून त्यानं पाठ फिरवली. तो घराकडे जायला निघाला.

ठकूनं हाक मारली. "आण्णा, कुठं चालले? इकडं या. कोकरं तुम्ही सोडा."

तो आला. दोन्ही हातांनी जाळं धरलं, पण त्याला ते उचलता येईना. जड नव्हतं ते. ठकूनं घाई केली नाही. शेवटी त्यानं उचललं, आणि कोकरं त्याच्या पायांमधून, धोतराला धडकत, आयांकडे सुटली. कल्लोळ झाला आणि विरत गेला. एक तेवढं काळ्या कानांचं कोकरू चुकलं. या मेंढीकडून त्या मेंढीकडे जाई, लाथ खाई, परत फिरे. कमल त्याला उचलायला निघाली. आण्णानं हातानंच तिला थांब म्हटलं आणि स्वतः त्याच्यामागं हळूहळू चालत राहिला.

वहिनीनं घरातून दोनदा जेवायला हाक मारली. ते कोकरू आईला लागेपर्यंत आण्णा तिथून हलला नाही.